फेस टाळा, फ्लोराइड टाळू नका

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. गेल्या वर्षभरापासून मला सारखं तोंड येतं. एक चट्टा बरा होतो न होतो तोच गालाच्या आत दुसरा उठतो. पेस्ट लावली की जिभेची आग होते. शिवाय माठातलं पाणी प्यायलं तरी डाव्या बाजूच्या दाढा शिवशिवतात. मिस्टरांचं म्हणणं, हे सगळं पेस्टमधल्या केमिकल्समुळे आणि फ्लोराइडमुळे. ट्यूबच्या टोकाला काळा चौकोन असेल तर ती पेस्ट पूर्ण केमिकलची, असा मेसेजही त्यांना आला आहे. म्हणून महिनाभर पेस्ट बंद करून मी खाण्याचा सोडा, सैंधव आणि लिंबाचा रस कालवून दात घासते आहे. दात पांढरे दिसतात, पण शिवशिवणं वाढलं आहे. सोसायटीत कडुनिंब आहे, त्याची काडी वापरू का? की कोळशाची पेस्ट आणू? मुलगी पाच वर्षांची आहे, तिला काय देऊ? सासूबाई जुन्नरकडच्या. त्यांनी आयुष्यभर मिश्री लावली, दात अजून शाबूत आहेत, त्या म्हणतात आमचंच बरं. सगळ्या घराला चालेल असं एकच सौम्य, नैसर्गिक काहीतरी सुचवा.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

नमस्कार ताई,

लिंबू-सोड्याचं मिश्रण आधी बंद करा. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आज रात्रीपासूनच. महिन्याभरात दाढा जास्त शिवशिवायला लागल्या त्याचं कारण बहुतेक तेच आहे.

दातावरचं इनॅमल म्हणजे शरीरातला सगळ्यात टणक भाग. पण आंबटापुढे त्याचं काही चालत नाही. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात, आणि लिंबाच्या रसाचा पीएच असतो दोन-अडीचच्या आसपास. म्हणजे तुम्ही आधी इनॅमल मऊ करत होतात आणि ते मऊ असतानाच सैंधवाच्या कणांनी खरवडत होतात. सोडा आणि लिंबू एकत्र आले की फसफसतं, त्यामुळे काहीतरी जोरात साफ होतंय असं वाटतं. ती फसफस कार्बन डायऑक्साइडची. तिनं दात साफ होत नाहीत. दात पांढरे दिसतात ते वरचे डाग निघाल्यामुळे, आणि डागांबरोबर थोडं इनॅमलही गेलेलं असतं. ते परत येत नाही. मोडलेलं हाड जुळून येतं, इनॅमल येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच असतात.

इनॅमलच्या आत डेंटिनचा थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या, नळ्यांत द्रव, आणि पलीकडे दाताची नस. वरचं आवरण झिजलं किंवा हिरडी सरकून मुळाचा भाग उघडा पडला, की गार किंवा आंबट लागताच हा द्रव हलतो आणि कळ जाते. तुम्ही डावी बाजू म्हणालात. उजव्या हातानं ब्रश धरणाऱ्यांचा जोर पुष्कळदा डाव्या बाजूवर जास्त पडतो आणि तिथल्या हिरड्या आधी सरकतात. खिडकीपाशी आरसा घेऊन ओठ बाजूला ओढा आणि डाव्या सुळ्याच्या मागचे दोन दात बघा. हिरडीलगत पिवळसर पट्टा दिसतो का? तिथून नख हलकेच वर-खाली फिरवलं तर एखाद्या खाचेत अडकतं का? अडकलं, तर अनेक वर्षांच्या जोरकस घासण्याची ती खूण आहे, आणि लिंबानं त्यात भर घातली आहे. खाच नसेल आणि एकाच दाढेत कळ येत असेल, तर कीड किंवा बारीक तडा असू शकतो. ते पत्रावरून कळणार नाही, त्यासाठी दाखवावंच लागेल.

आता पेस्ट. तुमच्या घरात दोन वेगळ्या तक्रारी एकाच गुन्हेगाराच्या नावावर टाकल्या गेल्या आहेत. तोंड येणं वेगळं, दाढा शिवशिवणं वेगळं, आणि फ्लोराइडचा या दोन्हींत दोष नाही. उलट दुसऱ्या तक्रारीत ते तुमच्या बाजूचं आहे. तुम्हाला त्रास देणारा घटक पेस्टमध्ये असेलही, पण तो बहुधा फेस आणणारा आहे. त्याचं नाव सोडियम लॉरिल सल्फेट, सगळे त्याला एसएलएस म्हणतात. शाम्पूत, भांडी घासायच्या साबणातही असे फेसकरी घटक असतात. दात घासल्यावर लगेच मोसंबीचा रस कडवट लागतो, त्यातही याचाच हात. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेवर जो संरक्षक थर असतो तो यानं काहींच्या बाबतीत सुटतो, त्वचा कोरडी पडते, सालं निघाल्यासारखं होतं, आणि ज्यांना मुळातच तोंड येण्याची सवय आहे त्यांना चट्टे उठायला निमित्त मिळतं. अशा लोकांनी एसएलएस नसलेली पेस्ट वापरली तर चट्टे कमी येतात आणि लवकर बरे होतात, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसलं आहे. प्रत्येकालाच फरक पडतो असं नाही. पण करून बघण्यात काहीच तोटा नाही, कारण फेसावाचून दात चांगले घासले जातात. घासायचं काम ब्रशचं असतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. 'हर्बल' किंवा 'आयुर्वेदिक' लिहिलेली ट्यूब घेतली म्हणजे एसएलएस टळलं, असं मुळीच नाही. कित्येक वनस्पतीयुक्त पेस्टमध्ये तो असतोच, कारण गिऱ्हाइकाला भरपूर फेस हवा असतो. आयुर्वेदिक परवान्यावर बनणाऱ्या पेस्टच्या खोक्यावर वनस्पतींची यादी मिलीग्रॅमसकट असते, आणि शेवटी पुष्कळदा नुसतंच 'बेस' असं लिहिलेलं असतं. त्या बेसमध्ये काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. शिवाय आग व्हायला एसएलएसच लागतं असंही नाही. लवंग, दालचिनी, पुदिन्याचा अर्क हे सगळे निसर्गातलेच, आणि तुमच्यासारख्या हुळहुळ्या तोंडाला ते चांगलेच झोंबतात. दालचिनीच्या स्वादानं तर काही जणांना चक्क ॲलर्जी होते. म्हणून दुकानात खोक्याच्या पुढची पानं-फुलं बघू नका. खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर घेऊन जा, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. 'सोडियम लॉरिल सल्फेट' दिसलं की ती ट्यूब परत ठेवा. 'लॉरॉयल सार्कोसिनेट' किंवा 'कोकॅमिडोप्रोपिल बीटेन' ही नावं ऐकायला तितकीच अवघड, पण ते वेगळे आणि सहसा सौम्य फेसकरी आहेत, त्यांना घाबरू नका. ब्रँडचं नाव मी सदरात सांगत नाही, कारण कंपन्या घटक बदलत राहतात आणि आज बरोबर असलेलं नाव वर्षानं चुकीचं ठरतं.

मिस्टरांना आलेला मेसेज खोटा आहे, हे त्यांना सांगाच. ट्यूबच्या टोकाशी असलेला काळा, हिरवा, निळा चौकोन पॅकिंगच्या मशीनसाठी असतो. मशीनमधला सेन्सर ती खूण ओळखतो आणि ट्यूब नेमकी कुठे दुमडायची, कुठे कापायची ते ठरतं. आत काय भरलंय याच्याशी त्या रंगाचा काहीही संबंध नाही.

फ्लोराइडबद्दल त्यांना वाटणारी धास्ती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यामागे खरी गोष्ट आहे. आपल्याच राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि वर्षानुवर्षं ते पाणी प्यायल्यानं दातांवर तपकिरी डाग पडलेली, हाडं आखडलेली माणसं तिथे आहेत. पण तो आजार रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचा. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा पर्याय नसेल तरच १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या पुण्याच्या नळाला खडकवासला-पानशेतचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी येतं. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा अगदी थोडं असतं. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी प्यायला वापरत असाल, तर ते एकदा लॅबमधून तपासून घ्या. तो खर्च सोसायटीनं करायला हरकत नाही.

पेस्टचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम ठेवायला कायद्यानं परवानगी आहे, आणि ते किती आहे हा आकडा ट्यूबवर आणि खोक्यावर छापावा लागतो. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलीग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट भरते साधारण पाव ग्रॅम, म्हणजे तिच्यात पाव मिलीग्रॅम फ्लोराइड, आणि त्यातलंही बहुतेक आपण थुंकून टाकतो. जे तोंडात राहतं ते दातावर काम करतं. खाण्यानंतर जंतू जे आम्ल तयार करतात त्यानं इनॅमलमधली खनिजं निघत असतात आणि लाळेतली खनिजं परत बसत असतात. दिवसभर ही ये-जा चालू असते. फ्लोराइड असलं की खनिजं लवकर बसतात आणि तो नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. मुळाशी उघड्या पडलेल्या तुमच्या दातांना याची इतरांपेक्षा जास्त गरज आहे, कारण डेंटिन इनॅमलपेक्षा लवकर किडतं. कीड लागू न देण्याच्या बाबतीत फ्लोराइडच्या पाठीशी जितका पुरावा आहे, तितका कुठल्याही काडीच्या, चूर्णाच्या किंवा तेलाच्या पाठीशी नाही. हायड्रॉक्सिॲपटाइट नावाचा एक घटक आहे, जपानमध्ये तो बरीच वर्षं पेस्टमध्ये वापरतात, आणि त्याच्याबद्दलचे निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. ज्यांना फ्लोराइड अजिबात नकोच आहे त्यांनी किमान त्या पेस्टकडे वळावं. पण तुम्ही मला विचारलंत, तर मी तुम्हाला फ्लोराइडच देईन.

म्हणजे तुमच्यासाठी पेस्ट अशी : एसएलएस नको, फ्लोराइड १००० पीपीएमच्या जवळपास, स्वाद अगदी सौम्य, आणि शिवशिवण्यासाठी पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के. पोटॅशियम नायट्रेट नसेची चिडचिड शांत करतं, पण एका रात्रीत नाही. दोन ते चार आठवडे रोज दोन वेळा वापरल्यावर फरक कळतो, आणि सोडून दिलं की त्रास परत सुरू होतो. आठवडाभर वापरून 'काही उपयोग नाही' म्हणून ट्यूब मागे टाकणारे पेशंट मी नेहमी बघते. रात्री ब्रश झाल्यावर त्याच पेस्टचा थोडा लेप बोटानं दुखऱ्या जागी लावून ठेवा. 'पांढरे करणारी' असं लिहिलेली पेस्ट सध्या घेऊ नका. त्यात खरखरीत कण जास्त असण्याचा संभव असतो. हा खरखरीतपणा आरडीए नावाच्या मापानं मोजतात, २५० ही त्याची वरची मर्यादा, आणि सत्तरच्या आतली पेस्ट मवाळ समजतात. आपल्याकडच्या खोक्यांवर हा आकडा सहसा सापडत नाही, तरी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विचारा.

कोळशाची पेस्ट नको. कोळशानं दात निरोगी होतात याला धड पुरावा नाही, आणि त्याचे कण हिरडीच्या कडेत आणि जुन्या फिलिंगच्या फटीत काळे होऊन बसतात. आपल्या आज्या राखुंडी लावायच्या हे खरं आहे. गोवऱ्यांची राख, बदामाच्या टरफलांचा कोळसा, त्यात मीठ. पण त्यांचे झिजून सपाट झालेले दातही मी पाहिले आहेत. लाल मंजनांचंही तेच. बऱ्याच मंजनांत गेरू असतो, म्हणजे लोहयुक्त माती, आणि बोटानं जोरात चोळलं की ती दाताला खाते. खाण्याचा सोडा मात्र एकटा असेल तर तितका वाईट नाही. त्याचे कण मऊ असतात आणि तो आम्ल मारतो. सोड्याला बिघडवलं ते तुमच्या लिंबानं आणि सैंधवानं. खोबरेल तेलात सोडा कालवून बरणीत भरून ठेवायची पद्धतही हल्ली दिसते. त्यानं दाताचं नुकसान होणार नाही, पण फ्लोराइड त्यातही नाही. आणि पुण्यातल्या डिसेंबरात खोबरेल थिजतं ते बरणीत तसंच बेसिनच्या पाइपातही.

कडुनिंबाची काडी. हा तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण काडीनं दात घासणं ही अडाणी गोष्ट नव्हे. जिथे पद्धत आहे तिथे काडी वापरायला हरकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही १९८६ साली म्हटलं होतं. मिस्वाकच्या, म्हणजे पिलूच्या काडीवर बरंच संशोधन झालं आहे, आणि कडुनिंबाच्या अर्कानं हिरड्यांची सूज कमी होते असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण काडी चावून जो कुंचला होतो तो दाढांच्या आतल्या बाजूला पोचत नाही, आणि आपल्याकडे कीटण साठतं ते नेमकं खालच्या दातांच्या आतून. तंतू कडक राहिले तर हिरडी सोलवटते. तुम्हाला तर सध्या काडी अजिबात चालणार नाही, आणि हे मी आधुनिक दंतवैद्यकाच्या बाजूनं बोलत नाही. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात दंतधावनाचं वर्णन आहे. काडी बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, तुरट, तिखट किंवा कडू रसाची, सकाळी आणि जेवणानंतर वापरावी, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. लगेच पुढे काडी कुणी वापरू नये त्यांची यादी आहे. अजीर्ण, ताप, खोकला असलेल्यांच्या त्या यादीत तोंड आलेला माणूसही आहे. परंपरा पाळायची तर तिच्या अटींसकट पाळावी. चट्टे पूर्ण गेले, हिरड्या सावरल्या, की सकाळी हौसेनं काडी वापरा, ताजी आणि मऊ बघून, रस्त्याकडेच्या धुरातली नको. रात्री मात्र फ्लोराइडची पेस्ट आणि ब्रश.

घरगुती उपायांत तुम्हाला आत्ता खरोखर उपयोगी पडेल ती साधी मिठाच्या पाण्याची गुळणी : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून दोन-तीनदा. चट्ट्यावर साजूक तूप लावलं तर जेवताना झोंबत नाही. तिळाच्या तेलाच्या गुळण्या आयुर्वेदात आहेतच. तोंड गच्च भरून तेल नुसतं धरून ठेवायचं ते गंडूष, खळखळवता येईल इतकंच घ्यायचं तो कवल. कोरड्या तोंडाला यानं बरं वाटतं, दातावरचा चिकट थरही थोडा कमी होतो, मात्र कीड थांबत नाही. ज्येष्ठमधाची काडी तोंड आल्यावर चघळायला चांगली, पण घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल तर त्यांना ती रोज देऊ नका, ज्येष्ठमधानं ते वाढतं. लवंगेचं तेल तसंच कापसावर घेऊन लावू नका. त्यातलं युजेनॉल दाताचा ठणका बधिर करतं हे खरं, पण नुसतं तेल गालाला लागलं तर भाजल्यासारखा पांढरा चट्टा उठतो, आणि तुमच्याकडे चट्टे आधीच आहेत.

पेस्ट बदलल्यावर एक करा. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकोनात नवा चट्टा उठला की एक फुली मारा. दोन-तीन महिने हे केलंत की फरक पडला की नाही ते दिसेल. या काळात पेस्ट सोडून दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशानं बरं वाटलं ते कळणारच नाही. फरक पडला नाही, तर आपल्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते आणि वारंवार तोंड येण्यामागे ती असू शकते. चट्टा सारखा एकाच जागी उठत असेल, तर तिथल्या दाताची कड टोकदार आहे का तेही बघायला हवं. आणि कुठलाही चट्टा दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर वाट न पाहता दाखवा.

ब्रश मऊ घ्या, 'सॉफ्ट' किंवा 'अल्ट्रा सॉफ्ट'. मुठीत धरू नका, पेनासारखा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीकडे तिरके ठेवून लहान लहान हालचाली, सगळ्या तोंडाला दोन मिनिटं. झाल्यावर फेस थुंकायचा आणि खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड पाण्याबरोबर गेलं. आपल्याला चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, म्हणून आठवडाभर चुकल्यासारखं होईल, पण सवय होते. लिंबू सरबत, कोकम, चिंचेची चटणी खाल्ल्यावर लगेच ब्रश नको. साध्या पाण्यानं चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

मुलीला लिंबू, सैंधव, कोळसा यातलं काहीही देऊ नका. १००० पीपीएमची साधी पेस्ट तिला चालते, फक्त वाटाण्याएवढी, आणि ती तुम्ही लावून द्यायची. जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली दाखवतात तेवढी पेस्ट मोठ्यांनाही लागत नाही. तिला थुंकायला शिकवा, आणि बबलगमच्या चवीची गोड पेस्ट आणू नका, मुलं ती चाटून खातात. रोज पेस्ट गिळली तर आत तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर पांढुरके डाग पडू शकतात. तुमच्या पोटॅशियम नायट्रेटवाल्या ट्यूबला मात्र तिनं हात लावायचा नाही, ती लहान मुलांसाठी नसते. म्हणजे घरात दोन ट्यूब होतील : एक तुमची, एक मिस्टरांची आणि मुलीची. सगळ्यांना एकच असा हट्ट धरू नका. सात-आठ वर्षांची होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुमच्या हातून होऊ द्या. साधारण सहाव्या वर्षी तिला दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येईल. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही, आणि ती आयुष्यभराची दाढ दुधाची समजून किडू दिली जाते. पुढच्या वर्षी टॉर्च लावून तिथे बघत राहा.

आणि सासूबाई. पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ सालापासून बंदी आहे, ती कर्करोगाच्या धोक्यामुळेच. मिश्री मात्र अजून सर्रास मिळते. त्यांचे दात शाबूत असतीलही, पण तंबाखूचा मार सगळ्यात आधी बसतो तो हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या त्वचेवर, आणि तो सुरुवातीला दुखत नाही. 'लावली नाही तर पोट साफ होत नाही' असं त्या म्हणत असतील, तर ते नाटक नाही. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि आतड्यांना चालना देतं, म्हणून सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस खरंच बद्धकोष्ठ होतं, चिडचिड होते, डोकं धरतं. या दिवसांत त्यांना सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल द्या, हातात मऊ ब्रश द्या, आणि रागावू नका. त्यांच्या लहानपणी गावात तोंड धुण्याची तीच रीत होती. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, फोन लागला की आधी तुम्ही बोला आणि मग त्यांच्या हातात द्या.

या आठवड्यातच त्यांचं तोंड तपासून घ्या. सहकारनगरहून धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय जवळ आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या ओपीडीत कमी खर्चात नीट तपासणी होते. सकाळी लवकर जा, थोडा वेळ लागतो. केसपेपर काढताना 'दात दाखवायचेत' एवढंच म्हणू नका, 'अनेक वर्षं मिश्री लावतात, तोंडाची तपासणी करायची आहे' असं सांगा, म्हणजे दोन्ही गाल, जिभेच्या खालची आणि बाजूची जागा, ओठांच्या आतली घडी हे सगळं बघितलं जाईल. पांढरा किंवा लालसर चट्टा सापडला आणि तुकडा काढून तपासायला सांगितलं, तर पुढची तारीख मागू नका, त्याच दिवशी होत असेल तर करून घ्या. तुमची डावी बाजूही त्याच फेरीत दाखवून टाका.